झांज कुठे गेली? : एका कीर्तनकाराच्या ९६ कॅसेटींचं प्रकरण

कीर्तनांच्या रेकॉर्डिंगचे ८० जीबीचे ६९० एमबी. एका रात्रीत एवढं करून दाखवल्यावर माणूस स्वतःवर खूश होतो, तसा मीही झालो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला काकूंचा फोन आला. "अरे, सगळं ऐकू येतंय. पण झांज कुठे गेली?"

ती झांज सापडायला मला दीड महिना लागला. ती एका जागी हरवली नव्हती, दोन जागी हरवली होती. शोधता शोधता आणखीही बरंच काही हरवलेलं निघालं. बोलण्याच्या रेकॉर्डिंगसाठी वेव्ह फायली लहान करायला बसलेल्या कुणाला उपयोग होईल म्हणून हे सगळं चुकांसकट लिहून ठेवतोय.

माळ्यावरची ट्रंक

काकू सदाशिव पेठेत, नारद मंदिरापासून चालत पाच मिनिटांवर राहतात. त्यांचे यजमान नारदीय परंपरेतले कीर्तनकार होते. आम्ही सगळे त्यांना बुवाच म्हणायचो. बुवा गेल्यावर माळ्यावरच्या ट्रंकेत ९६ कॅसेटी निघाल्या, ६१ नव्वद मिनिटांच्या आणि ३५ साठ मिनिटांच्या. बहुतेक काकूंनीच भरलेल्या. पहिल्या रांगेत बसायचं, मांडीवर एका माइकचा टेपरेकॉर्डर ठेवायचा आणि मध्यंतरात बुवांना हार घालायला लोक उठले की बाजू उलटायची, ही त्यांची पद्धत. कॅसेटींसोबत एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही होती. प्रत्येक कॅसेटीची तारीख, गाव, पूर्वरंगाचा अभंग, उत्तररंगाचं आख्यान, पेटीला कोण, तबल्याला कोण, सगळं काकूंच्या अक्षरात. या वहीने पुढे मला वाचवलं.

कॅसेटी संगणकावर घ्यायचं काम शहरातल्या एका दुकानाला दिलं होतं. माझ्याकडे प्रकरण आलं ते एका हार्ड डिस्कच्या रूपाने. बुवांचे वीसेक विद्यार्थी आहेत. कुणी पुण्यात, कुणी बार्शीला, वाईला, संगमनेरला. त्यांना अभ्यासासाठी हे सगळं फोनवर हवं होतं. मी दिवसभर कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो, त्यामुळे "तुला कॉम्प्युटरचं कळतं" या न्यायाने काम माझ्याकडे आलं.

डिस्कवरच्या फायली वेव्ह होत्या, म्हणजे न दाबलेला आवाज. सेकंदाला ४४,१०० नमुने (लाटेच्या उंचीची मोजमापं), प्रत्येक नमुना १६ बिटचा, डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला तर सेकंदाला १,७६,४०० बाइट आणि तासाला ६३५ एमबी. दुकानाने सगळ्या बाजू शेवटपर्यंत चालवल्या होत्या, म्हणजे एकशे साडेसव्वीस तास. ८० जीबी झाले ते असे. बार्शीतल्या विद्यार्थ्याने एक कीर्तन उतरवून घ्यायचं तर दोन तासांना सव्वा जीबी, दिवसाचा डेटा संपला. आवाज दाबण्याला पर्यायच नव्हता.

पहिला प्रयत्न : फोनची भाषा

माझा विचार सरळ होता. कीर्तन म्हणजे बोलणं. बोलण्यासाठी खास फॉरमॅट असतात, ते संगीताच्या फॉरमॅटपेक्षा कितीतरी लहान फायली देतात. त्यातला जुना, मोबाइलच्या जगातला भरवशाचा म्हणजे एएमआर. १९९९ साली थ्रीजीपीपी या मोबाइलचे नियम ठरवणाऱ्या संघटनेने तो मोबाइलच्या बोलण्यासाठी स्वीकारला. साध्या बटनांच्या फोनवरची रेकॉर्डिंग याच फॉरमॅटमध्ये असायची. त्याचा सगळ्यात वरचा दर सेकंदाला १२.२ किलोबिट. फाइलमध्ये दर २० मिलिसेकंदांना ३२ बाइट, म्हणजे तासाला ५.७६ एमबी. कुठे ६३५ आणि कुठे पावणेसहा! मोह पडणारच.

एवढा लहान तो होतो कसा, हे आधी नीट समजून घेतलं असतं तर पुढची फजिती टळली असती. असे कोडेक, म्हणजे आवाज दाबायच्या आणि परत उलगडायच्या पद्धती, आवाजाची लाट पाठवतच नाहीत. ते पाठवतात ती लाट पुन्हा तयार करण्याची कृती. माणसाचा आवाज म्हणजे एक नळी. खाली स्वरतंतू गुणगुणतात किंवा नुसती हवा सुटते आणि वर जीभ, टाळू, ओठ त्या नळीचा आकार बदलत राहतात. तोंडाला २० मिलिसेकंदांत फार काही बदलता येत नाही. मग तेवढ्या तुकड्यापुरता नळीचा आकार, स्वराची उंची आणि उरलेल्या हवेसाठी एका ठरलेल्या संचातला जवळात जवळचा नमुना कळवायचा. पलीकडचा फोन त्यावरून आवाज नव्याने घडवतो. पेटीवाल्याला ध्वनिमुद्रण देण्याऐवजी नोटेशन द्यावं, तसं. ही सेल्प नावाची पद्धत १९८५ साली मान्फ्रेड श्रोडर आणि बिष्णू अटल यांनी बेल लॅब्जमधून मांडली. अटल मूळचे कानपूरचे. त्यांच्या पहिल्या प्रयोगात क्रे-१ या महासंगणकाला एक सेकंदाचं बोलणं दाबायला १५० सेकंद लागत. माझ्या सहा वर्षं जुन्या लॅपटॉपने त्याच कुळातल्या कोडेकने काकूंची अख्खी ट्रंक एका रात्रीत संपवली.

पण नोटेशन एकाच गळ्याचं आहे. बुवा बोलत असतात तोवर ठीक. ते "जय जय रामकृष्ण हरी" म्हणत गजर सुरू करतात, पेटीचे तीन सूर एकदम भरतात, तबला चढतो, मागे दोन जण झांजा वाजवतात, समोरचे टाळ्या धरतात. आता यातून एकच नळी आणि एकच स्वर शोधा! कोडेक शोधतो, कारण त्याला दुसरं काही येतच नाही. पेटी पाण्याखालून वाजल्यासारखी गुळगुळते, आणि झांज?

झांजेचा प्रश्न आणखी साधा होता. एएमआर सेकंदाला फक्त ८,००० नमुने घेतो. नमुन्यांच्या निम्म्या वारंवारितेपर्यंतचाच आवाज टिकतो, म्हणजे ४,००० हर्ट्झ. टेलिफोनचा जुना पट्टा तर ३०० ते ३,४०० एवढाच. झांजेचा खणखणाट बहुतेक त्याच्या वरच असतो. तो दाबला गेला नव्हता, दारातच अडवला होता.

आणि तोटा फक्त झांजेचा नव्हता. काकूंना आधी झांज जाणवली, मला दुसऱ्यांदा ऐकताना च आणि ज जाणवले. मराठीत एकाच अक्षराचे दोन च आहेत. "चार" मधला तालव्य आणि "चारा" मधला दंत्य. "हे जग" मधला ज वेगळा आणि "जग, पण असं जग" मधला वेगळा. दंत्य उच्चारातली जी स-सारखी सुसकार आहे ती बरीचशी ४,००० हर्ट्झच्या वर राहते. ती कापली की उरतो एक बोथट त. फोनवर नाव सांगताना आपण "स, समईचा स" असं का सांगतो, त्याचं कारणही हेच. बुवांची वाणी म्हणजे धारदार, प्रत्येक व्यंजन सुटं. विद्यार्थ्यांना शिकायचं होतं ते नेमकं तेच. कटाव म्हणताना बुवा श्वास न घेता पन्नास-साठ शब्द सोडायचे, आणि माझ्या फाइलमध्ये ते शब्द एकमेकांत मिसळून चिखल झाले होते.

हे कमी म्हणून की काय, पहिल्या दहा फायलींवर मी शांतता वाचवण्याची सोयही चालू केली होती. कुणी बोलत नसेल तेव्हा काहीच न साठवता ऐकणाऱ्याच्या बाजूला कृत्रिम खरखर भरायची, अशी ती युक्ती. फोनवर ती योग्यच आहे. पण बुवा प्रश्न टाकून थांबायचे. त्या थांबण्यात मागे सूरपेटी मंद चालू असायची. माझ्या फायलीत बुवा थांबले की सूर गायब, नुसती सुऽऽ अशी खरखर, आणि ते बोलले की सूर परत. काकू म्हणाल्या, "कुणीतरी मागे दार उघडझाप करतंय असं वाटतंय."

चंद्रहास

झांजेवर उपाय शोधत होतो तोवर आठवड्याने काकूंचा दुसरा फोन. वही घेऊन त्या एकेक फाइल ताडून पाहत होत्या. "नवरात्रातल्या चंद्रहास आख्यानाचा पत्ता नाही. त्याच्या पुढचं-मागचंही नाही."

डिस्कवर त्या नवरात्रातल्या पाच कॅसेटींची मिळून एकच वेव्ह फाइल होती. दुकानातल्या माणसाने रेकॉर्डिंग चालू ठेवून कॅसेटी बदलत नेल्या होत्या. साडेसात तासांची फाइल, ४.७६ जीबी. माझ्याकडची रूपांतरित फाइल मात्र ४४ मिनिटांची. कुठलीही चूक दाखवलेली नाही, काम "यशस्वी".

वेव्ह हा मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमचा १९९१चा फॉरमॅट. फाइलच्या सुरुवातीला पुढे किती बाइट आवाज आहे हे लिहिलेलं असतं, आणि त्या आकड्याला जागा आहे ३२ बिटची. म्हणजे जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५. आपल्या हिशेबात हे ६ तास ४५ मिनिटं ४८ सेकंद. त्यापुढे गेलं की स्कूटरच्या मीटरसारखा आकडा शून्यावरून परत सुरू होतो. साडेसात तासांतून एवढं वजा करा, ४४ मिनिटं उरतात. फाइलच्या कपाळावर ४४ लिहिलं होतं, माझ्या प्रोग्रामने ते वाचलं आणि इमानदारीत तेवढंच केलं.

आवाज होता, सगळा जागेवर होता. एफएफएमपेग या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला आणि ओपस या फॉरमॅटच्या (त्याच्याबद्दल पुढे) स्वतःच्या साधनालाही "लिहिलेली लांबी मानू नकोस, फाइल संपेपर्यंत वाच" असं सांगायची सोय आहे. ती वापरली, चंद्रहास सापडला.

मला लाज वाटली ती वेगळ्या गोष्टीची. एएमआरचा दर ठरलेला असतो. एकशे साडेसव्वीस तासांचे हिशेबाने ७३० एमबी यायला हवे होते. आले ६९०. मी तो आकडा पाहिला होता. "चला, अजूनच लहान झालं" म्हणून खूश झालो होतो. ऑफिसात कुणी अशी तपासणी करून दिली असती तर मी परत पाठवली असती. त्या दिवसापासून प्रत्येक फाइलचा मूळ कालावधी आणि रूपांतरित कालावधी शेजारी-शेजारी मांडणारा तक्ता ठेवला. एक सेकंदापेक्षा जास्त फरक आला की ओळ लाल.

याच तक्त्यात आणखी एक किरकोळ घोळ पकडला गेला. मराठी नावांच्या फायली विंडोजच्या बॅच फाइलमधून, म्हणजे हुकमांच्या यादीतून, चालवल्या की नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येत आणि त्या फायली गुपचूप वगळल्या जात. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत दहा ओळी लिहून तो प्रश्न मिटवला.

दुसरा प्रयत्न : ओपस, आणि तरीही

एएमआर सोडल्यावर स्पीक्स या कोडेकचा विचार केला होता. मोफत, मुक्त, २००३ साली पहिली पक्की आवृत्ती, ३२,००० नमुन्यांपर्यंत जाणारा. पण तोही सेल्पच्याच घरातला, आणि तो करणाऱ्या झिफ या संस्थेनेच आता त्याऐवजी ओपस वापरा असं सांगून ठेवलंय. मग ओपस.

ओपस २०१२ साली आयईटीएफ या इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने आरएफसी ६७१६ या दस्तऐवजातून प्रसिद्ध केला. व्हॉट्सॲपचे आवाजी निरोप जातात ते यातच. कीर्तनासाठी मला तो आवडला त्याच्या वंशावळीमुळे. त्याच्या पोटात दोन कोडेक आहेत. एक स्काइपकडून आलेला सिल्क, बोलण्यासाठीचा, नळीवाल्या विचाराचा. दुसरा झिफचा सेल्ट, संगीतासाठीचा, जो गळ्याबद्दल काही गृहीत धरत नाही आणि वारंवारितांचे पट्टे करून काम करतो. एकाच फाइलमध्ये तुकड्या-तुकड्याला तो यातला एक किंवा दोन्ही मिळून वापरू शकतो. बोलणं चाललंय की संगीत हे ओळखणारा भाग २०१८च्या १.३ आवृत्तीपासून मागचं लक्षात ठेवणाऱ्या (रिकरंट) न्यूरल नेटवर्कवर चालतो. निरूपण, मध्येच गायची साकी, परत निरूपण, मग गजर. हे कोडेक बनवणाऱ्यांनी नारदीय कीर्तन ऐकलं नसेल, पण बेत तसाच केलाय.

३२ किलोबिटवर सगळं पुन्हा फिरवलं. गजर भरून आला, पेटी पेटीसारखी वाजली, च आणि ज आपापल्या जागी बसले. काकूंकडे नेऊन ऐकवलं. त्यांनी तीन-चार फायली ऐकल्या, मान डोलावली, पाचवीला थांबल्या.

"इथे नाहीये अजून."

मी म्हटलं, "काकू, मुळातच नसेल. कॅसेट जुनी आहे."

"मुळात आहे. मी तिथे बसले होते ना."

त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा मी मूळ वेव्ह हेडफोनवर लावली. झांज होती. डाव्या कानात होती, उजव्यातही होती. दोन्ही एकत्र करून एक चॅनेल केला की नव्हती.

रेकॉर्डर एका माइकचा, म्हणून दोन्ही चॅनेलमध्ये तोच आवाज असणार आणि एक केल्याने निम्मी जागा वाचणार, असं समजून मी दाबण्याआधीच दोन्हींची सरासरी घेत होतो. कुणीही हेच करेल. पण दुकानातल्या डेकचं टेप वाचणारं हेड काकूंच्या रेकॉर्डरच्या हेडशी अगदी समांतर नव्हतं, केसभर तिरकं होतं. त्यामुळे टेपच्या एका कडेचा आवाज दुसऱ्या कडेपेक्षा किंचित उशिरा वाचला जात होता. मोठं करून पाहिलं तर लाटा चार-पाच नमुन्यांनी सरकलेल्या दिसल्या, म्हणजे एक सेकंदाचा दहा हजारावा भाग. बोलण्याच्या जाड लाटांना तेवढ्याने काही होत नाही. पण ५,००० हर्ट्झच्या लाटेची अर्धी लांबी नेमकी तेवढीच असते. एका चॅनेलमध्ये ती वर असताना दुसऱ्यात खाली. बेरीज केली की शून्य. झांजेला कुणी कापलं नव्हतं, तिचीच तिच्याशी वजाबाकी झाली होती.

उपाय साधाच निघाला. सरासरी घ्यायचीच नाही. प्रत्येक बाजूचे दोन्ही चॅनेल ऐकायचे आणि त्यातला चांगला एकच ठेवायचा. ९६ कॅसेटी, १९२ बाजू. रोज रात्री जेवणानंतर पंधरा-वीस. या पंधरवड्यात बायकोने विचारलं की आपण घरात कीर्तन सप्ताह बसवलाय का.

डग्गा

एक गोष्ट काकूंच्याही कानातून सुटली होती. बुवांना पंचवीस वर्षं तबल्याची साथ करणारे एक दादा आहेत. त्यांना ऐकवलं तर म्हणाले, "मी डग्गा इतका कोरडा वाजवत नाही."

ओपसमध्ये कामाचा प्रकार सांगता येतो, "संभाषण" किंवा "सर्वसाधारण आवाज". बोलण्याचं काम म्हणून मी संभाषण निवडलं होतं. त्या प्रकारात कोडेक शब्द स्पष्ट यावेत म्हणून तळाचा आवाज गाळतो. गाळणीची सीमा बोलणाऱ्याच्या स्वरानुसार ६० ते १०० हर्ट्झच्या दरम्यान हलत राहते. विजेच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीला त्याने आपोआप उतार पडत होता, म्हणून मला ते सोयीचंही वाटलं होतं. पण डग्ग्याचा घुमारा राहतो त्याच तळमजल्यावर. गुणगुणीबरोबर भाडेकरूही बाहेर. प्रकार "सर्वसाधारण" केला, गुणगुण ज्या पंधरा-वीस बाजूंवर खरंच त्रास देत होती तिथे नेमकी ५० हर्ट्झची बारीक चीर पाडून काढली, आणि बाकी तळ तसाच राहू दिला.

किती दाबायचं

आता बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती किलोबिट ठेवायचे. याची उत्तरं देणारे तक्ते भरपूर मिळतात, पण त्यांत कीर्तन नसतं. म्हणून चाळीस सेकंदांचे तीन तुकडे काढले : शांत निरूपण, कटाव आणि झांजांसकट गजर. प्रत्येक तुकडा १२, १६, २४, ३२ आणि ४८ किलोबिटला दाबला, सोबत मूळ वेव्ह ठेवली, सगळे परत वेव्हमध्ये उलगडले म्हणजे फाइलच्या आकारावरून ओळखू येऊ नये, आणि नावं दिली क, ख, ग, घ, च, छ. कोणतं काय ते माझ्या मुलीने एका कागदावर लिहून कंपासपेटीत ठेवलं. मलाही माहीत नव्हतं. रविवारी काकूंकडे चहा-पोहे आणि चार माणसं : काकू, तबलेवाले दादा, पेटीवाले काका आणि बुवांची एक विद्यार्थिनी.

निरूपणात १६च्या पुढे कुणालाच फरक सांगता आला नाही. १६ला विद्यार्थिनी अडखळली, काकूंना तेही चाललं. कटावाला १६ पुरले नाहीत, २४ला सगळे समाधानी. गजराला पेटीवाले काकांनी २४चा तुकडा तिन्ही वेळा बिनचूक उचलून दाखवला. "याची हवा गळतेय," म्हणाले. ३२चा एकदा ओळखला, दोनदा मूळ वेव्हलाच नावं ठेवली. ४८ कुणालाच नाही.

२४ आणि ३२ मधला फरक तासाला १०.८ आणि १४.४ एमबी. सगळ्या ट्रंकेला १.३७ जीबी आणि १.८२ जीबी. साडेचारशे एमबी वाचवून पेटीची हवा घालवायची नव्हती. ३२ ठरलं. ८० जीबीच्या मानाने हा चव्वेचाळिसावा भाग आहे. पहिल्या रात्री मी यालाही नाक मुरडलं असतं.

रूपांतराला स्वतःला दोन तासही लागले नाहीत.

वाटप आणि डिस्कचं भांडण

अँड्रॉइड ५ पासून पुढच्या फोनांना ओपस कळतो, तरी दोन जुन्या फोनांवर फायली यादीत दिसेनात. फाइलच्या नावाची शेपटी ओपसऐवजी ओजीजी केली, दिसायला लागल्या. आतला माल तोच, कारण ओपस साठवला जातो ऑग (ओजीजी) याच डब्यात. वाईच्या विद्यार्थ्याच्या आजीकडे मात्र कार्ड घालायची भजनपेटी होती, तिला एमपी३शिवाय काही कळत नव्हतं. तिच्यासाठी ६४ किलोबिटचा वेगळा संच केला, साडेतीन जीबीच्या आसपास. तो ओपसवरून न करता वेव्हवरून केला. दाबलेलं पुन्हा दाबलं की दोन्ही कोडेकांच्या चुका एकमेकींवर चढतात.

कार्डं पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून घेतली. तीन कार्डं भरून पुन्हा वाचून ताडली तेव्हा एकावर शेवटच्या काही फायली अर्धवट निघाल्या. ते कार्ड बदलून आणलं आणि मग प्रत्येक कार्ड भरल्यावर ताडूनच पाकिटात घातलं.

डिस्कवरून काकूंशी थोडं वाजलं. त्यांचं म्हणणं, आता सगळं बोटाच्या नखाएवढ्या कार्डात मावतंय, मग ही वीट कशाला सांभाळायची, नातवाला देऊन टाकते. मी नाही म्हटलं. ओपसने टाकून दिलेलं परत येत नाही. मी एकदा एएमआर करून वेव्ह पुसल्या असत्या तर झांज, डग्गा, चंद्रहास आणि अर्धे च कायमचे गेले होते. शेवटी तडजोड झाली. वेव्हचे फ्लॅक केले. त्यात एकही बिट हरवत नाही, फक्त घडी बारीक होते. डिस्कवरची निम्म्याहून जास्त जागा मोकळी झाली, तिथे नातवाचे सिनेमे गेले. एक प्रत माझ्याकडे ठेवली. कॅसेटी परत ट्रंकेत, ट्रंक परत माळ्यावर.

उरलेल्या बाजू

काम संपलं असं मी म्हणत होतो, पेटीवाले काका म्हणत नव्हते. बुवांची गायची पट्टी काळी एक. काही बाजूंवर बुवा अर्धा स्वर वर, पांढरी दोनला गातायत, आणि बोलतानाही जरा घाईत आहेत. वहीत पाहिलं तर त्या सगळ्या गावोगावच्या कीर्तनांच्या कॅसेटी, जिथे रेकॉर्डर सेलवर चालला होता. सेल उतरले की मोटर मंदावते, टेप हळू सरकते, आणि नंतर नीट वेगाच्या डेकवर लावली की सगळं चढं आणि पळतं वाजतं. अर्धा स्वर म्हणजे वेगात जवळपास ६ टक्के. एवढंच असतं तर एका आकड्याने भागलं असतं. पण सेल एकदम उतरत नाहीत. बाजूच्या सुरुवातीला बुवा काळी एकलाच असतात आणि आरतीपर्यंत पांढरी दोनला पोचतात.

म्हणून आता लॅपटॉपशेजारी पेटी असते. काका भाता मारून काळी एक धरतात, मी दर पाच मिनिटांच्या जागी थांबून वेग हलवत आणतो, सूर मिळाला की ते नुसतं बोट वर करतात, आणि मग ती बाजू फ्लॅकवरून नव्याने ओपसमध्ये जाते. अशा एकोणीस बाजू होत्या. अकरा झाल्या. काका गुरुवारी येत नाहीत.